डब्याबाहेरची बाटली

मित्रांनो, मी गोळ्या ठेवायचा एक जुना, सात कप्प्यांचा डबा आहे. जुना असलो तरी माझी झाकणं अजून घट्ट बसतात. माझ्यात एक मोठी खोट आहे, ती आधीच सांगून टाकतो. माझा स्वभाव जळका आहे. पुढचं सगळं ऐकताना हे लक्षात ठेवा.

एका कारखान्यात प्लास्टिकचे निळे दाणे वितळवून, साच्यात दाबून मला घडवलं. झाकणांवर सो, मं, बु, गु, शु, श, र अशी अक्षरं छापली. वापरून वापरून शुक्रवारचा उकार झिजला, त्यामुळे आता माझ्याकडे दोन शनिवार आहेत. औषधांच्या दुकानात मी एका खिळ्याला टांगलेला असायचो आणि समोर थर्मामीटर काचेच्या कपाटात बसायचा. तेव्हाच मला त्याचा हेवा वाटायचा. तो आजारपणात वर्षाकाठी एकदा लागतो, तरी त्याला कपाट. मी रोज लागणारा, तरी मला खिळा!

मला विकत घेतलं एका शिवणकाम करणाऱ्या बाईने, तिच्या सासूबाईंसाठी. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान होतं. सासूबाई कापड कापायच्या आणि सून मशीनवर शिवायची. कापड कापणाऱ्याला शिवणकामात मास्तर म्हणतात, म्हणून गिऱ्हाइकं सासूबाईंनाही मास्तरच म्हणत. मास्तरांनी कधी कुणाचं माप लिहून ठेवलं नाही. एकदा टेप फिरवला की छाती, खांदा, बाही, सगळं डोक्यात. चार वर्षांनी आलेल्या गिऱ्हाइकाला त्या सांगायच्या, "तुमचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. बॅग त्याच हाताने उचलता ना अजून?"

त्यांच्या हृदयाचे ठोके मध्येच चुकत. शरीरात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टरीणबाईंनी रक्त पातळ ठेवणारी एक गुलाबी गोळी दिली होती. दुसरी पांढरी गोळी रक्तदाबाची होती. दर सोमवारी सकाळी सून मला भरायची. मास्तर रोज त्या दिवसाचं झाकण उघडून गोळ्या घ्यायच्या आणि मगच कात्री उचलायच्या. कात्रीच्या आधी माझा मान! पहिल्याच तपासणीला डॉक्टरीणबाई मला हातात घेऊन म्हणाल्या, "सगळ्यांनी असा डबा ठेवला तर माझं निम्मं काम कमी होईल." मी आठवडाभर अभिमानाने फुगलो होतो.

अशी पाच वर्षं गेली. मग गणिताच्या सरांचा शर्ट बिघडला.

सर उंच, हातही लांब. शर्ट घालून ते आरशासमोर उभे राहिले तर दोन्ही मनगटं उघडी.

मास्तर म्हणाल्या, "सर, हात जरा खाली घ्या ना."

"घेतलेत. बाह्या काही बरोबर येत नाहीयेत."

सून हसली, पण मास्तर हसल्या नाहीत. त्या बाहीकडे बघत राहिल्या. सरांच्या शर्टाला त्यांनी पोस्टमनचं माप लावलं होतं. नंतरच्या पंधरा दिवसांत असं आणखी दोनदा झालं. सून हळूच म्हणाली, "आई, मापं वहीत लिहूया का? नाहीतर काही दिवस कापायचं काम मी करते, तुम्ही काजं-बटणं बघा."

"काजं-बटणं?" मास्तरांचा आवाज चढला. "चाळीस वर्षं ही कात्री माझ्या हातात आहे. ज्या दिवशी ती सुटेल, त्या दिवशी मला मास्तर म्हणू नका."

दोन दिवसांनी त्यांची धाकटी बहीण आली. तिने पर्समधून तपकिरी काचेची एक बाटली काढली आणि टेबलावर ठेवली.

काय सांगू मित्रांनो! सोनेरी झाकण, पोटावर चकचकीत कागद, त्यावर अक्रोडासारखा दिसणारा मेंदू आणि खाली ठळक अक्षरांत 'स्मरणशक्ती, एकाग्रता आणि मेंदूचे आरोग्य'. माझ्या झाकणावर काय छापलंय? 'सो'.

"रोज दोन घे, ताई," बहीण म्हणाली. "महिन्याभरात सगळं लख्ख आठवायला लागेल. फक्त लहानपणी तुझी बाहुली कुणी फोडली ते आठवलं, तर माझ्यावर डाफरू नकोस."

"म्हणजे तूच फोडलीस!"

"बघ, अजून झाकण उघडलं नाही तोवर गुण आला!"

सुनेने बाटली उचलून वाचली. गिंको नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क, आणखी चार-पाच पदार्थ. "मग या डब्यात भरू का?" तिने मला पुढे ओढत विचारलं.

"छे गं," बहीण म्हणाली. "डब्यात औषधं असतात. हे औषध नाही, झाडपाला आहे. याने कुणाला काय होणार?"

मी सुटकेचा निःश्वास टाकला. या नटव्या बाईला माझ्या कप्प्यात जागा द्यावी लागणार नव्हती. पण सुटका कसली? बाटली कात्रीच्या शेजारी, खडूच्या डबीला टेकून बसली. मास्तर तिच्यातल्या कॅप्सूल हसतमुखाने घ्यायच्या. माझ्यातल्या गोळ्या मात्र तोंड वाकडं करून. आलंगेलं गिऱ्हाईक विचारायचं, "अरे वा, ही कसली बाटली?" मला पाच वर्षांत एकानेही विचारलं नव्हतं, "अरे वा, हा कसला डबा?" माझा नुसता तिळपापड व्हायचा. ती फुटावी, हरवावी, निदान तिचं झाकण तरी अडकून बसावं, असं मी रोज मनात म्हणायचो.

पुढच्या आठवड्यात दवाखान्याचे बारा पांढरे कोट शिवायला आले. तिसरा कोट टाचताना मास्तरांच्या बोटाला सुई लागली. शिवणाऱ्याला सुई लागणं नवीन नाही. एरवी त्या बोट तोंडात घालत आणि पुढच्या टाक्याला लागत. या वेळी रक्त थांबेना. चिंधी बांधली, ती भिजली. दुसरी बांधली. पांढऱ्या कोटाच्या कॉलरवर डाग पडला. पुढच्या दिवसांत दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. टेबलाचा कोपरा नुसता लागला तर दंडावर वांग्याच्या रंगाचा डाग उठला.

सुनेने दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजच या. आणि सगळी औषधं घेऊन या."

सुनेने पिशवीत मला ठेवलं, जुने कागद ठेवले आणि तिचा हात बाटलीकडे गेला. "आई, ही पण घेऊ का?"

"ती कशाला?" मास्तर म्हणाल्या. "ती कुठे औषध आहे?"

सुनेचा हात मागे आला. आणि मित्रांनो, मला आनंद झाला. मोठा आनंद. दवाखान्यात मी जाणार, टेबलावर मला ठेवणार, माझं कौतुक होणार. ती बसेल घरी खडूला टेकून.

डॉक्टरीणबाईंनी माझी सगळी झाकणं उघडून पाहिली. "आज गुरुवार. चार रिकामे, तीन भरलेले. डबा तर बरोबर आहे. याशिवाय आणखी काही घेता?"

"नाही," मास्तर म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. झाडपाला त्यांच्या मते 'काही' नव्हताच.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला घेतलं. मग त्यांनी विचारलं, "मास्तर, राग मानू नका. सूनबाई फोनवर म्हणाल्या, तुम्हाला हल्ली विसरायला होतं. डब्यातली गुलाबी गोळी घेतल्यावर, विसरून पाकिटातलीही एखादी घेतली असेल, असं होईल का?"

मला टेबलावरून त्यांचा चेहरा दिसत होता. सरांच्या बाहीकडे बघतानाही तो इतका उतरला नव्हता. माझं तर कौतुक राहिलं बाजूला, पाच वर्षांच्या माझ्या चोख हिशेबावरच संशय आला होता. खरं काय ते मला माहीत होतं, पण डब्याला झाकणं असतात, तोंड नसतं.

घरी आल्यावर सून म्हणाली, "आई, रिपोर्ट सोमवारी येईल. तोपर्यंत कात्री मी धरते. त्यात आता हात कापला तर रक्त थांबायचं नाही."

"मी गोळी दोनदा घेतलेली नाही."

"तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण सरांची बाहीसुद्धा तुम्हाला बरोबरच वाटली होती ना?"

मास्तरांनी कात्री उचलली, पाती स्वतःकडे धरली आणि मूठ सुनेच्या हातात दिली. दोन दिवस त्या खिडकीपाशी बसून होत्या. सून कापत होती. तिची कात्री थांबत थांबत चालायची, आणि प्रत्येक थांबण्याला मास्तरांची मान वळायची.

रविवारी त्यांनी अचानक टेबलाखालची कतरणांची टोपली ओढली आणि सगळे तुकडे जमिनीवर पसरले.

"आई, काय शोधताय?"

"गप्प बस जरा. मला मोजू दे." त्यांनी एक फुलाफुलांचा तुकडा उचलला. "हे पडदे. सुई लागली होती, अंगठ्याला. लगेच थांबलं." मग एक निळा. "हे शाळेचे गणवेश. बाही कापताना कात्रीत बोट सापडलं. तेही थांबलं. मग हे पांढरे कोट. थांबलं नाही. म्हणजे निळ्या आणि पांढऱ्याच्या मध्ये काहीतरी झालं."

सून मशीन सोडून त्यांच्याजवळ येऊन बसली.

"माझी बहीण आली तेव्हा टेबलावर हेच निळं कापड होतं," मास्तर म्हणाल्या. "तिने बाटली थेट त्याच्यावर ठेवली. डाग पडेल म्हणून मी ती उचलून खडूजवळ ठेवली." त्या उठल्या, बाटली घेतली आणि पदार्थांची ती बारीक अक्षरं पहिल्यांदाच वाचू लागल्या. "अगं, गोळ्या त्याच आहेत. पाच वर्षं त्याच. नवीन ही एकटीच आहे."

मी सातच दिवस ओळखतो. मास्तरांकडे चाळीस वर्षांच्या कापडांचं कॅलेंडर होतं. त्यांना अगदी नीट आठवत होतं.

सोमवारी पिशवीत माझ्या शेजारी बाटली होती. रस्ताभर तिची थंड काच मला लागत होती. डॉक्टरीणबाईंनी ती फिरवून वाचली आणि कपाळाला हात लावला.

"रिपोर्ट नेहमीसारखाच आला, तेव्हाच मला कोडं पडलं होतं. तुम्ही दोनदा गोळी घेतली असती तर तो असा आला नसता. मास्तर, मीच चुकले. या पानांच्या अर्काने रक्तस्राव वाढू शकतो, आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असताना तर धोका जास्तच. गुलाबी गोळी तशीच चालू ठेवा, ही बाटली आजपासून बंद."

"पण मग माझं विसरणं?"

"स्मरणशक्ती हिने सुधारते असा भक्कम पुरावा नाही. विसरण्याची कारणं आपण रीतसर तपासू. तोवर एक करा. दोनशे माणसांची मापं डोक्यात ठेवायचा हट्ट सोडा. लिहा."

दोन-तीन आठवड्यांत हिरड्यांचं रक्त थांबलं, दंडावरचा डाग पिवळा होऊन गेला. विसरणं थोडं राहिलं. सुनेने कात्री परत दिली, पण सोबत एक वही ठेवली. मास्तर वही पुढे ओढत म्हणाल्या, "लिहीन. पण पहिलं माप सरांचं. मोफत शिवायचाय त्यांचा शर्ट." वही आता टेबलावर खडूजवळ असते, आणि हो, तिचाही मला हेवा वाटतो. स्वभावाला औषध नाही.

पण मित्रांनो, एवढं ऐका. घरात जे जे गिळलं जातं, गोळी, पावडर, कॅप्सूल, झाडपाला, ते सगळं डॉक्टरांसमोर ठेवा. त्याला औषध म्हणता की नाही, हे शरीर विचारत नाही. आजी-आजोबा दवाखान्यात जायला पिशवी भरत असतील तर तुम्ही त्यांना विचारा, "डब्याबाहेर काय आहे?" मी हे डॉक्टरांना कधीच सांगू शकणार नाही. आणि खरं सांगायचं तर, मला तोंड असतं तरी त्या गुरुवारी मी गप्पच राहिलो असतो.

डॉक्टरीणबाईंनी एका कागदावर मास्तर काय काय घेतात त्याची यादी लिहून दिली. सुनेने ती माझ्या तळाला चिकटपट्टीने लावली आहे. यादीत सगळ्यात खाली बाटलीचं नाव आहे, त्यावर आडवी रेघ आणि पुढे 'बंद, रक्तस्राव'. बाटली केव्हाच कचऱ्यात गेली. तिचं नाव मात्र रोज माझ्या अंगाखाली असतं. कागदाची कड थोडी टोचते, पण ती निघू नये म्हणून आता मी जागचा फारसा हलत नाही.