चित्र झाकल्यावर

जावयाच्या बाकीच्या खोडी सासूबाईंनी पोटात घातल्या असत्या. चहाचा कप तो नेमका कापायच्या टेबलावर ठेवायचा, आणि टेबलावरही नेमका कोऱ्या कापडावर. शिवणाऱ्या मुलींना ‘तुमचं शिक्षण किती?’ असं विचारायचा आणि उत्तर यायच्या आत ‘अरेरे’ अशी मान हलवायचा. हे सगळं त्यांनी आठ वर्षं गिळलं. पण या माणसाने स्वतःच्या लेकीच्या बाबतीत जे केलं, ते काही घशाखाली उतरेना.

जावई शिक्षकांना शिकवायचा. मुलांना नव्हे, शिक्षकांना. वर्षातून एकदाही वर्गात उभं न राहता वर्गात कसं उभं राहावं ते सांगायचा. सासूबाई म्हणायच्या, उंटावरचे शहाणे पुष्कळ पाहिले, पण ऑफिसकडून उंट मिळालेला हा पहिलाच. लहान मुलांना वाचायला शिकवावं लागतच नाही, हे त्याचं तत्त्वज्ञान. भोवती पुस्तकं ठेवावीत, मोठ्यांनी वाचून दाखवावं, शब्द अडला तर मुलाला चित्राकडे बघून अंदाज करू द्यावा. वाचन आपोआप उमलतं. ‘उमलतं’ म्हणताना तो दोन्ही हातांची कळी करून उघडायचा. त्या कळीवर त्याला दोन बढत्या मिळाल्या होत्या.

सासूबाई दुसरी पास. तिसरीच्या वर्गाचं दार त्यांनी बाहेरूनच पाहिलेलं. पण खालच्या मजल्यावरचं चौदा मशिनींचं शिवणाचं दुकान त्यांनी एकटीने उभं केलं होतं. गिऱ्हाइकांची मापं त्या स्वतः लिहायच्या आणि अक्षराखाली बोट धरून स्वतः वाचायच्या. हळू वाचायच्या, पण जे लिहिलंय तेच वाचायच्या. जावयाला ते बोट बघून हसू यायचं. वरच्या मजल्यावर त्याचा संसार होता, म्हणून हसू दाबायचा, एवढाच काय तो त्याचा सुसंस्कृतपणा.

नात बिट्टी सात वर्षांची, दुसरीत. पुस्तक उघडलं की फडाफडा वाचायची. पाहुणे आले की बाप तिला मध्ये उभी करायचा, पाहुणे टाळ्या वाजवायचे. सासूबाईही वाजवायच्या. हे त्यांना पुढे फार लागलं.

एका सोमवारी बिट्टीच्या वर्गाच्या बाई बाही सैल करून घ्यायला दुकानात आल्या. बाई कसल्या, विशीतली पोरगी. बाही चांगली सैलच होती. सासूबाईंनी टेप गळ्यात घातली आणि सरळ विचारलं, काय काम काढलंस? तेव्हा तिने इकडेतिकडे बघत सांगितलं. शाळेत एक छोटा गट सुरू होतोय, आठच मुलांचा. रोज अर्धा तास अक्षर, त्याचा आवाज, मग आवाज जोडून शब्द, असं पायरीपायरीने शिकवणार. हे तिने मनाने काढलेलं नव्हतं. अंदाजाने वाचणारी मुलं पुढे अडतात हे कितीतरी वर्षं, हजारो मुलांना तपासून अभ्यासकांनी पाहिलेलं. सासूबाई म्हणाल्या, हे कळायला हजारो मुलं कशाला लागली, माझ्या एका काज करणाऱ्या मुलीला विचारलं असतं तर तिनेही सांगितलं असतं. पोरगी हसली नाही. बिट्टीचं नाव तिने यादीत घातलं होतं. पालकांची सही हवी होती. जावयाने कागद ‘गरज नाही’ असं लिहून परत पाठवला, आणि वर बाईंना ऑफिसात बोलावून विचारलं, माझीच पद्धत, माझीच मुलगी, आणि तुम्ही तिला कच्च्यांत बसवणार? शुक्रवारी यादी बंद. मग वर्षभर जागा नाही. आणि तिसरीत सगळे विषय पुस्तकातून वाचूनच शिकायचे.

“पण बिट्टी वाचते की,” सासूबाई म्हणाल्या.

“आजी, चित्र झाकून बघा,” पोरगी म्हणाली, आणि सैल बाही तशीच घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिट्टी शाळेतून आली. सासूबाईंनी तिने न पाहिलेलं एक पुस्तक आणवून ठेवलं होतं. तिला स्टुलावर बसवलं, पान उघडलं आणि चित्रावर पंजा ठेवला. खाली एकच ओळ होती, पाच शब्दांची. बिट्टीने आधी ओळीकडे पाहिलं, मग पंजाकडे, मग आजीच्या तोंडाकडे. ओळीकडे परत पाहिलंच नाही. आजीच्या चेहऱ्यावर काही लिहिलंय का ते शोधत राहिली.

“मांजर?” ती म्हणाली. आजीचा चेहरा हलला नाही. “कुत्रा?”

मग तिने अलगद आजीची करंगळी उचलून खाली डोकवायचा प्रयत्न केला.

“हात काढ ना आजी. हात असला की मला वाचता येत नाही.” आणि जरा वेळाने, अगदी हळू आवाजात, “बाबांना सांगू नकोस. बाबा म्हणतात मला येतं.”

चौदा मशिनींतली एक चुकलेली टीप पाठमोरी असताना ओळखणारी बाई, आणि वर्षभर घरात पोर पुस्तकापुढे अंधारात बसलेलं तिला दिसलं नाही. सासूबाईंनी त्या दुपारी स्वतःलाही चार शिव्या घातल्या. पण चारच. बाकीच्या राखून ठेवल्या.

लेकीला, म्हणजे बिट्टीच्या आईला विचारलं, तर तिलाही माहीत होतं. ती म्हणाली, ते म्हणतात उशिरा उमलेल. शिवाय त्यांचीच मुलगी त्या गटात गेली तर लोकांत त्यांनी तोंड कसं दाखवायचं? सासूबाई म्हणाल्या, तोंड नेहमी दाखवतो तसंच दाखवायचं, लोकांना सवय आहे.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी जावयाला खाली बोलावलं. लेकही मागोमाग आली. सासूबाईंनी काजाच्या नव्या मशिनीबरोबर आलेला सूचनांचा कागद त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, जरा वाचून सांगा, आम्ही पडलो अडाणी. कागद परदेशी लिपीत होता. जावई म्हणाला, ही भाषा मला येत नाही. त्या म्हणाल्या, चित्र आहे ना त्यावर, अंदाज करा की. तो हसला. चित्रात मशिनीच्या कडेला एक भोक होतं आणि त्यावर तेलाचा डबा कलता धरलेला.

“इथे तेल घालायचं,” जावई म्हणाला. “अगदी स्पष्ट आहे, सासूबाई. संदर्भ पाहायचा असतो.”

सासूबाईंनी मशिनीवरचं कापड ओढलं. आतला पट्टा तेल पिऊन फुगला होता, चाक जागचं हलत नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी एका नव्या मुलीने हाच संदर्भ पाहिला होता. चित्राखाली लिहिलं होतं, इथे तेल कधीही घालू नका. मशीन बघायला कंपनीकडून आलेल्या कारागिराने ते वाचून दाखवलं, तेव्हा तो बराच वेळ हसत होता.

जावई हसला नाही. मशिनीची गोष्ट वेगळी आणि मुलांची वेगळी, असं म्हणाला. संशोधनात मतभेद असतात म्हणाला. सासूबाईंनी विचारलं, स्वतःच्या पोरीपुढे एकदा तरी चित्र झाकून बघितलंत का? त्यावर तो बालमनाबद्दल बोलायला लागला. बघितलं होतं, हे त्याच्या कानांच्या लाल पाळ्यांवरून दुकानातल्या सगळ्यात नव्या मुलीलाही कळलं.

सासूबाईंनी बाईंकडून मागवून घेतलेला शाळेचा नवा कागद टेबलावर ठेवला. तो म्हणाला, ऑफिसात हे कळलं तर माझ्या पद्धतीचं काय होईल, याचा विचार करा. तो हे समजावून सांगत असतानाच लेक पुढे झाली. तिने मापं लिहायचं पेन उचललं, पालकांच्या रकान्यात सही केली आणि कागद आईच्या हातात दिला. जावई मध्येच थांबला. आठ वर्षांत पहिल्यांदा त्याचं वाक्य अर्धवट राहिलं.

सासूबाईंनी कागदाची घडी घातली.

“जावईबापू, माझ्याकडे मुलगी आली की आधी सरळ टीप, मग वळण, मग काज. तुम्ही पोरीला शिवलेला झगा दाखवलात आणि जगाला सांगितलंत, बघा, ही शिवायला शिकली. तिला वाचता येत नाही यात तिची काही लाज नाही. तुम्हाला ते ठाऊक होतं, आणि तरी तुम्ही तिला पाहुण्यांपुढे उभी केलीत. शिक्षकांना काय सांगायचं ते सांगा, ते पगारी आहेत, ऐकून घेतील. बिट्टीच्या पुस्तकाला मात्र यापुढे हात लावायचा नाही. तुम्ही शिकलेले आहात, ते कुणी नाकारत नाही. शिकवायची तुमची लायकी नाही.”