निळं मेण आणि विणलेली टोपी

मी डिश बोलतेय. छपराला चिकटलेल्या त्या चिमुकल्या टोपल्यांतली मी नव्हे. मी टीव्ही केंद्राच्या मागच्या अंगणातली, ट्रकएवढी थोरली. इकडे मिशिगनच्या उत्तर टोकाला घराघरांत जे चित्र दिसतं, ते आधी माझ्या पोटात पडतं!

न्यूयॉर्कची मोठी वाहिनी आपले कार्यक्रम उपग्रहाकडे फेकते, उपग्रह माझ्याकडे फेकतो, मी झेलते. आत आमचा इंजिनियर रेइनो त्यात केंद्राचं नाव, गावच्या जाहिराती आणि हिमवादळाचे इशारे बसवतो. मग टेकडीवरचा मनोरा ते सगळीकडे सोडतो. मनोऱ्याला वाटतं, सगळं आपणच करतो. उंच असला की वाटतं एकेकाला तसं.

मी इथे आले तेव्हा काय कौतुक झालं माझं! कॉफी झाली, वेलचीचा पाव वाटला. पहिला हिवाळा आला आणि कौतुक संपलं, लोकांच्या हातात झाडू आला. माझ्या पोटात हिम साचलं की चित्र अडतं ना! जुनं चित्र बिचारं सोशिक होतं. ठिपके यायचे, पण माणूस ओळखू यायचा. हे नवं हाय डेफिनिशन चित्र मात्र भारी मानी. आलं तर पापणीचा केसही दाखवील, नाही तर चौकोन चौकोन होऊन मोडून पडेल.

त्या हिवाळ्यात माझी पाठ गरम ठेवणारा हीटर बिघडला होता. आणि नेमकी तेव्हाच रेइनोची थोरली बहीण लेम्पी आली. ती राहते लांब जंगलात. तिथे ना केबल, ना इंटरनेट, छपरावर एक जुना अँटेना तेवढा. तिची नात आउने शनिवारी नॉर्वेत स्कीच्या शर्यतीत उतरणार होती, आणि मोठी वाहिनी ती शर्यत थेट दाखवणार होती.

"शर्यत बघायला जग आहे रे," लेम्पी म्हणाली. "मी तिला टोपी विणून पाठवलीय. ती घालते की खुंटीला टांगते, एवढंच मला बघायचंय."

"ताई, तिथे पैसे देणाऱ्या कंपनीच्या टोप्या घालाव्या लागतात."

"ते मला नको सांगूस. तू चित्र दाखव."

"दाखवतो. शब्द दिला!"

शब्द दिला आणि गडी कामाला लागला. हिम घसरून पडावं म्हणून त्याने गाडीतलं स्कीच्या फळ्यांना लावायचं मेण काढलं आणि मला पोटभर चोळलं. मी मनात म्हटलं, चला, कुणीतरी लाड करतंय!

शनिवारी सकाळी शर्यत सुरू झाली आणि हिमही सुरू झालं. घसरतंय कसलं! जे पडेल ते मला घट्ट बिलगून बसू लागलं. रेइनो झाडू मारून दमला. वर तो माझ्या तोंडासमोरच उभा, म्हणजे उरलंसुरलं चित्रही त्यानेच अडवलेलं. इतक्यात लेम्पीचा फोन आला. तिचा आवाज मला इथवर ऐकू आला.

"नात कुठाय माझी? नुसते चौकोन नाचतायत!"

"ताई, मेण लावलंय गं, तरी..."

"कुठलं मेण?"

"निळं. डबीतलं."

"अरे बैला! ते चढण चढायचं मेण! ते हिम धरून ठेवायलाच असतं! साठ वर्षं स्कीवर काढलीस आणि हे केलंस?"

रेइनोचा चेहरा पडला. मग त्याने हाक मारली आणि सगळं केंद्र बाहेर धावलं. हवामान सांगणाऱ्या बाई तर उंच टाचांच्या बुटांत! गाडीच्या काचा खरवडायच्या पट्ट्या घेऊन, बाजूबाजूने वाकून, त्यांनी मला खरवडलं. दुखलं हो! पण मी हूं की चूं केलं नाही. त्या म्हातारीसाठी माझाही जीव वर-खाली होत होता.

चित्र परत आलं तेव्हा शर्यत संपली होती. आउने बाविसावी आली होती. रेइनो मान खाली घालून खिडकीशी उभा राहिला. पुन्हा फोन वाजला.

"दिसली," लेम्पी म्हणाली. "शर्यत संपल्यावर कंपनीची टोपी काढली रे तिने, आणि खिशातून माझी काढून घातली. कानापाशी एक टाका सुटलाय माझा. तोसुद्धा दिसला."

आता कार्यक्रम जमिनीखालच्या तारेतून येतात. तार तुटली तर असू दे, म्हणून मला ठेवलंय. तुटेलच! आमच्या थंडीपुढे तारेचं काय चालतंय? तेव्हा या, पण झाडू घेऊन या. मेणाची डबी घरी ठेवा. त्या खरवडण्यात पोटावर उठलेला ओरखडा मात्र कुणी रंगवू नका, तो मी मिरवते.

रेइनो निवृत्त झालाय, तरी हिम पडलं की येतो आणि मला झाडून जातो. काम नसताना का, असं लोक विचारतात. त्याच्या खिशात फोन वाजतच असतो.

"झाडलीस का रे तिला?"

"झाडतोय, ताई."