अंपायरने पाटी तीनदा पुसली

मित्रांनो, मी एक जुना कॅचरचा मोजा आहे. मोजा म्हटल्यावर थंडीतला लोकरी मोजा डोळ्यांपुढे आणू नका. मी जाड कातड्याचा, उशीसारखा फुगीर आहे आणि नवा होतो तेव्हा फळीसारखा ताठ होतो. नेब्रास्कातल्या एका दुकानात वॉल्ट ब्रेझिनाने मला पसंत केले. घरी नेऊन त्याने मला तेल चोळले, माझ्या पोटात चेंडू ठेवून वरून दोरी आवळली आणि आठवडाभर गादीखाली दाबून ठेवले. त्याची बायको लोरीन वैतागली.

"पाठ मोडली माझी! लग्न माझ्याशी केलंस की ह्या कातड्याशी?"

"तुझ्याशीच गं. पण पोटाला हा घालणार आहे," वॉल्ट म्हणाला.

पोटाला मी घातले खरे, पण बेताचेच. बेसबॉलमध्ये कॅचर फलंदाजाच्या मागे उकिडवा बसतो. मांड्यांच्या आडोशाला बोटांनी खुणा करून तो पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, कोणता चेंडू टाकायचा ते सांगतो. एक बोट म्हणजे सरळ वेगवान, दोन म्हणजे वळणारा. मग तो चेंडू मी पोटात घेतो. दिवसाला सव्वाशे तरी. टाळ्या पिचरला मिळतात आणि सुजलेला पंजा कॅचरला. नऊ वर्षे आम्ही एका लहान गावाच्या संघातून खेळलो. वॉल्टची तीन बोटे वाकडी झाली, गुडघे कुरकुरू लागले. तरी आमचे मॅनेजर बॅस्कम म्हणायचे, "ह्याच्या मोज्याचा आवाज ऐकला की माझे थकलेले पिचरसुद्धा ताजेतवाने होतात." त्या एका वाक्यावर मी किती दिवस फुगून होतो!

कॅचरच्या मागे अंपायर उभा असतो. आमच्या मैदानावर बहुधा क्लाइड हॅस्केट असे. मोठ्या पोटाचा, तापट आणि मनाने मऊ. कॅचर अंपायरशी वाद घालतो तो समोर बघूनच. मागे वळला की लोकांपुढे अपमान केल्यासारखे होते. त्यामुळे नऊ वर्षे हे दोघे एकमेकांचे तोंड न बघता भांडले.

"क्लाइड, तो चेंडू पाटीवरून गेला." पाटी म्हणजे फलंदाजाच्या पुढ्यात जमिनीत बसवलेली पांढरी रबरी पट्टी.

"तुझ्या घरच्या पाटीवरून गेला असेल. माझी इथं आहे."

आणि एक रीत होती. कॅचरला मार लागला की अंपायर खिशातला छोटा ब्रश काढतो, वाकतो आणि मुळातच स्वच्छ असलेली पाटी सावकाश पुसत बसतो. तेवढ्यात कॅचरला दम घेता येतो आणि त्याची लाजही राखली जाते. दुखले म्हणून कॅचर कुठे हात लावत नाही. ही रीत मला फार गोड वाटायची. आता तिचे नाव काढले तरी माझी शिवण ताणते.

ऑगस्टमधली दुपार होती. मोठ्या संघाचा एक माणूस जाळीमागे येऊन बसला होता. वॉल्ट तेहेतीस वर्षांचा झाला होता. आज डोळ्यांत भरला नाही, तर पुन्हा कोणी बघायला येणार नव्हते. तिसऱ्या डावात बॅटची कड लागून चेंडू त्याच्या तोंडावरच्या लोखंडी मास्कवर आदळला. क्लाइडने पाटी पुसली.

"बरा आहेस ना?"

"झकास."

पाचव्या डावात पुन्हा तसाच आदळला, कपाळावर. क्लाइडने वाकून पाटी पुसता पुसता विचारले, "बाहेर जातोस का रे?"

"आज नाही, क्लाइड. तो माणूस बसलाय मागं. ब्र काढू नकोस कुणापाशी, तुझ्या पाया पडतो."

मला पुन्हा हातात चढवताना त्याची बोटे भलत्याच खोबणीत शिरली. मला कळत होते, पण मोज्याला तोंड कुठे असते?

सातव्या डावात वॉल्ट उठला, मास्क वर केला आणि चक्क मागे वळला. प्रेक्षकांना वाटले, हा अंपायरशी भांडतोय. सगळे हुर्यो उडवू लागले. वॉल्टने अगदी हळू विचारले, "क्लाइड, कितवा डाव चाललाय?"

क्लाइडच्या तोंडचे पाणी पळाले. खेळ थांबवून बॅस्कमला बोलावणे त्याच्या हातात होते. त्याने डोळे खाली वळवले. "सातवा. मास्क लाव, लोक बघतायत," एवढेच म्हणाला आणि त्याने तिसऱ्यांदा पाटी पुसली.

वॉल्टने एक बोट दाखवले आणि मला मात्र वळणाऱ्या चेंडूसाठी खाली, बाजूला धरले. आपण काय सांगितले हे तो त्या दोन क्षणांत विसरला होता. पिचरने सांगितल्याप्रमाणे सरळ चेंडू सोडला. मी वीतभर दूर होतो. मित्रांनो, मी उभ्या आयुष्यात लाखभर चेंडू झेलले असतील, पण तो एक माझ्या हातून निसटला, हे मला अजून सोसत नाही. चेंडू पुन्हा मास्कवरच बसला आणि वॉल्ट त्या लख्ख पाटीवर पालथा पडला.

तो वाचला. म्हणजे श्वास चालू राहिला. जाळीमागच्या माणसाने आमच्या पिचरला नेले.

वर्षभराने क्लाइड टोपी हातात घेऊन घरी आला. वॉल्ट खिडकीपाशी बसला होता. मी त्याच्या मांडीवर होतो. लोरीन मला रोज तिथे ठेवते.

"लोरीन, मला वाटलं होतं, मी त्याच्यावर उपकार करतोय," क्लाइड म्हणाला.

"तुम्ही त्याला वेळ दिलात," लोरीन म्हणाली. "मला नवरा हवा होता, क्लाइड."

वॉल्टने हसून पाहुण्याकडे पाहिले. "बसा ना साहेब. आपण कोण?"

क्लाइड उभ्या उभ्या रडला.

मित्रांनो, असल्या गोष्टीच्या शेवटी आम्ही वस्तू आपली निगा राखायला सांगतो. माझी नाही राखलीत तरी चालेल. मी उसवलो तर कोणीही चांभार मला शिवेल. पण तुमचा गडी डोक्याला मार खाऊन 'बरा आहे' म्हणाला, तर त्याचे ऐकू नका. त्याची लाज राखत बसू नका. दंडाला धरून बाहेर काढा. तो शिव्या देईल, तुमचे तोंड बघणार नाही, जन्मभर अबोला धरील. धरू द्या. निदान कोणाशी अबोला धरलाय, हे त्याला आठवत तरी असेल.