तळघरातला बाप

मालकाला नेणीव सापडली ती विमानात. शेजारच्या सीटवर एक मानसतज्ज्ञ बाई बसल्या होत्या. विमान उतरेपर्यंत मालकाची खात्री पटली की आपल्या कंपनीचे व्हिडिओ गेम आपटतात, कारण त्यांना तळघरच नाही. त्याच आठवड्यात बाई सल्लागार म्हणून ऑफिसात हजर झाल्या. मालकाला सगळे पाठीमागे 'व्हिजन' म्हणत, कारण हा शब्द मध्ये घातल्याशिवाय त्याला चहासुद्धा मागवता येत नसे.

"माणसाचं मन म्हणजे तीन मजली घर," बाईंनी फळ्यावर घर काढलं. "वरच्या मजल्यावर नीतिनियम, मधल्या मजल्यावर आपण, आणि तळघरात आपण जे जे दडपलं ते सगळं."

"पार्किंग?" ॲनिमेटर म्हणाला. तो महिन्यातून एखादाच शब्द बोलायचा, म्हणून त्याला 'मौनी' म्हणत.

लेखक मात्र वहीत उतरवून घेत होता. गेमच्या कथा लिहिणं हे त्याचं काम, आणि त्या कथा कुणीही वाचत नाही हे त्याचं दुःख. मागच्या गेममध्ये त्याने समुद्री चाच्याच्या तोंडी आईच्या आठवणींचं पानभर भाषण घातलं होतं. खेळणाऱ्यांनी बटण दाबून ते उडवलं आणि पुढे जाऊन तोफा डागल्या. आता पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्याकडे खोली मागत होतं, आणि तो फुलून गेला होता.

बाईंनी सांगितलं, की नेणिवेवर विचार करणाऱ्या दोन थोर माणसांचं पुढे आपसात फाटलं. एकाचं म्हणणं, तळघरात आपल्याच चोरट्या इच्छा कोंडलेल्या असतात. दुसऱ्याचं म्हणणं, तिथे अख्ख्या माणूसजातीच्या सावल्या, ज्ञानी म्हातारे आणि राक्षशिणी राहतात.

"दोन्ही घ्या," व्हिजन म्हणाला.

"आणि शेवटी नायकाने हरवायचं कुणाला?" लेखकाने विचारलं.

"बापाला."

"कुणाच्या?"

"प्रत्येकाच्या," बाई म्हणाल्या आणि लेखकाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

तर असा गेम ठरला. नायक लहानपणच्या घरी परत येतो, मजल्यामजल्यावर कोडी सोडवतो आणि शेवटी तळघरात उतरून बापाच्या राक्षसाला मारतो. अडचण एवढीच की राक्षस रंगवायला लेखकाजवळ सामान नव्हतं. त्याचे बाबा लिफ्टदुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेले, मऊ स्वभावाचे गृहस्थ. उभ्या जन्मात आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. रागावले तर फार फार तर वर्तमानपत्राची घडी नीट घालायचे. बाई म्हणाल्या, "आठवत नाही म्हणजे दडपलंय." लेखकाने रविवारभर डोकं खाजवलं आणि त्याला एकच गोष्ट मिळाली. बाबा कुठल्याही खोलीत शिरण्याआधी एकदा कोरडं खोकायचे. राक्षसाला तेवढंच दिलं. आधी अंधारात खोकला, मग किल्ल्यांच्या जुडग्याचा आवाज, मग दाराची मूठ हळूहळू फिरते. मौनीने त्याच्या अंगभर हात चिकटवले, आणि प्रकरण चांगलंच भयानक झालं.

गेम बाजारात येण्याच्या तोंडावर व्हिजनने फर्मान काढलं, की जन्मात गेम न खेळलेलं माणूस आणून त्याच्यावर चाचणी घ्या. बाईंनी लगेच सुचवलं, "यांचे वडीलच आणा ना."

लेखकाने पुष्कळ आढेवेढे घेतले. बाबांना डोळ्यांचा त्रास आहे म्हणाला, गुडघ्यांचा आहे म्हणाला. पण बाबा स्वतःच इस्त्रीचा शर्ट घालून तयार. मुलाचं ऑफिस बघायला कुणी बोलावलंच नव्हतं इतक्या वर्षांत.

चाचणीच्या खोलीत बाबा खुर्चीत, मागे बाई, व्हिजन, मौनी आणि घामाघूम लेखक. बाबांनी पहिला अर्धा तास गेममधल्या स्वयंपाकघरातले नळ उघडबंद करण्यात घालवला. "पाणी येतंय हो चांगलं," त्यांनी वळून मौनीला शाबासकी दिली. मग कसाबसा जिना शोधून खाली गेले.

तळघरात अंधार होता. कुठूनतरी खोकला आला, कोरडा, एकदाच.

बाबा ताडकन खुर्चीतून उठून उभे राहिले.

कुणाला काही कळेना. बाबांनाही कळलेलं दिसत नव्हतं. ते स्वतःच्या पायांकडे बघत होते, जणू ते दुसऱ्याचे आहेत. बाईंनी पेन काढलं. लेखकाला वाटलं, संपलं. आपल्या बापाला आपण राक्षस केलं आणि तो बापाने ओळखला.

"बाबा, ते तुम्ही नाही हां. ते आपलं असंच, कथेसाठी..."

"मी? मी कशाला असेन?" बाबा पडद्यावरून नजर न हलवता म्हणाले. "अरे, हा माझा बाप आहे!"

आणि मग त्यांनी उभ्याउभ्याच त्या राक्षसाला असा काही बदडला की यंव. कुठलं बटण कशाचं हे पाचच मिनिटांपूर्वी न समजणारा माणूस! राक्षस कोसळला तेव्हा बाबांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

त्या दिवशी राक्षस किती वेळा मेला याची मोजदाद कुणी ठेवली नाही. व्हिजन खूश होता, बाईंचं पेन थांबत नव्हतं. लेखक तेवढा गोंधळला होता. आजोबा तर तो जन्मायच्या आधीच गेलेले. घरात त्यांचा फोटोदेखील नव्हता.

संध्याकाळी जेवताना त्याने विषय काढला. "बाबा, आजोबा खोकायचे?"

"खोलीत यायच्या आधी. ऐकू आलं की आम्ही सगळी भावंडं उभी. ते बसेपर्यंत कुणी बसायचं नाही. आणि ते बसायचेच नाहीत रे. जेवायचेसुद्धा उभ्याने, आमच्या मागे येरझाऱ्या घालत." बाबा पाणी प्यायले. "पण तुला हे कुणी सांगितलं?"

"अहो, सांगायला कशाला हवं?" आई म्हणाली. "तुम्ही तेच करता की. लग्न झाल्यापासून ऐकतेय."

"मी? कधी?"

आई आणि लेखक दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी विचारलं, "मग तू उभा राहायचास?"

"नाही हो. मला वाटायचं तुम्हाला सर्दी आहे."

बाबांना हे ऐकून इतकं हलकं वाटलं की त्यांनी भात परत वाढून घेतला. भात कालवता कालवता ते म्हणाले, "त्याला मारून मजा आली, खोटं नाही सांगत. पण शेवटच्या खेपेला नाही आली. जमलं तर एक कर. त्याला एकदा बसव."

दुसऱ्या दिवशी लेखकाने मौनीला गाठलं. राक्षसाला मारण्याऐवजी बसवायचंय. मौनीने नकारार्थी मान हलवली. नवी हालचाल करायला वेळ नव्हता, आणि अख्ख्या गेममध्ये बसण्याची हालचाल एकच तयार होती. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूची. तो कमोडवर बसतो.

"तीच लाव," लेखक म्हणाला.

बाई खवळल्या. बापावर विजय मिळवल्याशिवाय नायक मोठा कसा होणार, असं त्यांनी ठणकावलं. पण व्हिजनला ते चित्र दिसल्याबरोबर तो एवढा हसला की पुढे वाद घालण्यात अर्थ उरला नाही.

बाबांना पुन्हा बोलावलं. अंधार, खोकला, किल्ल्या. बाबांचे पाय जरा हलले, पण ते खुर्चीतच राहिले. राक्षस समोर आला, त्याने सगळे हात पसरले, मग एकदम वळला, गुडघे वाकवले, पुढे झुकून कोपर मांड्यांवर टेकवले आणि हनुवटीला हात लावून बसला. खाली काहीच नव्हतं, नुसती हवा. चेहऱ्यावर बद्धकोष्ठाची सगळी चिंता.

बाबा इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पुसता पुसता ते कधी रडायला लागले ते खोलीतल्या कुणाला नेमकं सांगता आलं नसतं. लेखकाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. असं त्याने याआधी कधी केलं नव्हतं, त्यामुळे हात किती वेळ ठेवायचा हे त्याला कळेना. मौनीने पाणी आणून दिलं आणि या वर्षातलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य बोलला. "काका, हवं तर त्याच्या हातात पेपर देतो."

गेम चालला. समीक्षकांनी त्या दृश्यावर रकानेच्या रकाने भरले. कुणाला त्यात सत्तेचं विसर्जन दिसलं, कुणाला शरीराचा विजय. बाईंना तीन ठिकाणी व्याख्यानाला बोलावलं, आणि ती कल्पना मुळात त्यांचीच होती असं त्या प्रामाणिकपणे समजू लागल्या. व्हिजन आता पुढच्या गेमसाठी आत्या शोधतोय. लेखकाला दोन आहेत, पण तो नाव काढत नाही.

बाबा तो गेम पुन्हा खेळले नाहीत. सध्या ते कोबी लावायचा एक गेम खेळतात. मध्येच थांबून, नजर पडद्यावरच ठेवून, ते आजोबांची एखादी हकीगत सांगतात. आजोबा एकदा लिफ्टमध्ये अडकले होते आणि सोडवायला आलेला शिकाऊ म्हणजे बाबाच होते, ही त्यातली सगळ्यात लांब हकीगत. लेखक ती ऐकायला शेजारी येऊन बसतो. मधूनच बाबा त्याला सांगतात, की तिकडच्या ओळीला पाणी घाल, सुकतंय.