दोन तारखांचं घर

अगाफियानं आकड्यावरची सॉसेजची माळ काढली, कागदात गुंडाळली आणि कुंपणापलीकडच्या शेजारणीला देऊन टाकली. शेजारणीनं दोनदा विचारलं, नक्की ना? तीस डिसेंबर उजाडला होता. अगाफियाचा नाताळ होऊन पाच दिवस झाले होते, म्हणजे खरं तर हेच खाण्यापिण्याचे दिवस.

"घरात नको," एवढंच म्हणून ती आत आली आणि तिनं राजम्याचं पातेलं चुलीवर चढवलं.

आज तिच्या नवऱ्याच्या, इलारिओनच्या, मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस. आधी त्याच्या चर्चमध्ये प्रार्थना, मग घरी पंगत. इलारिओन तेरा दिवस मागे चालणाऱ्या जुन्या पंचांगाचा माणूस. त्याचा नाताळ सात जानेवारीला, आणि तोवर मांस, अंडी, दूध सगळं वर्ज्य. त्यामुळे पंगतही उपासाचीच: राजमा, मशरूम, आणि सारमाले, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या पानांच्या गुंडाळ्या, एरवी मांसाच्या, आज नुसत्या भाताच्या.

प्रूत नदीकाठच्या त्या मोल्दोव्हन गावात तीस वर्षांपूर्वी दुसरं चर्च उभं राहिलं आणि निम्मं गाव नव्या तारखांकडे वळलं. अगाफियाही वळली. तिची आजी नव्याच तारखा पाळायची, तेव्हा तिला घरी परतल्यासारखं वाटलं होतं. इलारिओन मात्र जागचा हलला नाही. पहिल्या वर्षी दोघांची चांगलीच जुंपली. त्यानं पाहुण्यांदेखत तिच्या सणाला, सरकारी कॅलेंडरवरचा म्हणून, 'सरकारी नाताळ' म्हटलं आणि तिनं अबोला धरला. दोन दिवस त्यानं कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी लाकडांची मोळी चुलीपाशी टाकून म्हणाला, वाद घालायचा तो अंगणात, जेवताना दुसऱ्याच्या ताटाला नावं ठेवायची नाहीत.

तो नियम तीस वर्षं टिकला. पंचवीस तारखेला ती चर्चमधून आली की चूल पेटलेली असायची, टेबलावर धुतलेला कपडा असायचा, आणि इलारिओन मिशीतल्या मिशीत हसत म्हणायचा, "तुझा जन्मला. माझा अजून वाटेत आहे." मग तो आपली राजम्याची वाटी घेऊन समोर बसायचा. पुढचे तेरा दिवस ती डुकराचं मांस खायची, तो राजमा खायचा, आणि अंगणात दोघं कडाकडा भांडायची. सूर्य काय पाद्र्याला विचारून उगवतो, असं ती विचारायची. माझ्या बापाचा बाप्तिस्मा या तारखांनी झालाय, तो आता मागे घेऊ का, असं तो विचारायचा. सात तारखेला त्याच्या शर्टाला इस्त्री करून देताना ती न चुकता म्हणायची, तेरा दिवस उशीर झालाय, जरा पाय उचल. किती सुखाचे दिवस होते ते, हे तिला आता कळत होतं.

यंदा पंचवीस तारखेला ती चर्चमध्ये गेलीच नाही. सकाळी उठली, चूल थंड होती, आणि एकटीनं सण करावा असं काही तिला वाटेना. तिनं राजमा शिजवला आणि खिडकीपाशी बसून खाल्ला.

पंगतीला वीसेक माणसं आली. इलारिओनची थोरली बहीण वासिलिसा सगळ्यांत शेवटी आली, हातात फडक्यानं बांधलेला डबा घेऊन. उपासात वासिलिसा औषधाच्या गोळीवरसुद्धा संशय घ्यायची. पंचवीस डिसेंबर ते सात जानेवारी तिनं तीस वर्षांत या घरात पाऊल टाकलं नव्हतं. मांसाच्या वासानं उपास मोडतो, असं तिचं म्हणणं. तिनं डबा दाराआड ठेवला, टेबलावरचा एकेक पदार्थ वाकून पाहिला आणि पंगतीला बसली. अगाफियाला हायसं वाटलं. निदान आज तरी वन्संना बोट ठेवायला जागा नव्हती.

माणसं इलारिओनच्या नावानं दिलेला, मेणबत्ती लावलेला पाव घेऊन, मृतात्म्याला शांती मागून, एकेक करून गेली. वासिलिसा मागे राहिली. तिनं ताटं गोळा केली, अगाफियानं धुतली. मग अगाफिया हात पुसत म्हणाली, "वन्सं, मी ठरवलंय. यापुढे त्याच्याच तारखा पाळणार. सात तारखेला तुमच्याबरोबर चर्चला येईन."

तीस वर्षं जी गोष्ट ऐकायला वासिलिसाचे कान आसुसले होते, ती तिला आयती मिळाली होती. तिनं खुर्ची ओढली.

"का? पटलं तुला?"

अगाफियानं हातातलं फडकं वाळत घातलं.

"पटलं का, विचारतेय."

"पटण्याचं काय आता," अगाफिया म्हणाली. "त्याला बरं वाटेल."

"त्याला?" वासिलिसानं डोळे बारीक केले. "डिसेंबर आला की माझ्याकडे येऊन बसायचा तो. अगाफिया आज असं म्हणाली, मी तिला असं सुनावलं, आता उद्या काय म्हणते बघू. तुझ्याशी भांडायला म्हणून हिवाळ्याची वाट बघायचा. आणि तू न पटताच त्याच्या बाजूला जाऊन बसणार?" तिनं टेबलावरचे पावाचे कण तळहातात गोळा केले. "तुझं चुकतंय, असं मी मरेपर्यंत म्हणणार. पण पंचवीस तारखेला तू खिडकीत बसून राजमा खाल्लास असं कळलं, तर मला त्या रात्री जेवण गेलं नाही."

ती उठली, दाराआडचा डबा आणून टेबलावर ठेवला आणि फडकं सोडलं. आत सारमाले होते. डुकराच्या मांसाचे, वर चरबीचा तवंग.

"त्याच्या नावानं देतेय," ती म्हणाली.

मेलेल्या माणसाच्या नावानं दिलेलं नाकारायचं नसतं. अगाफियानं एक सारमाला ताटलीत घेतला. तिनं तो मोडला आणि घास तोंडात घातला. वासिलिसा तिच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"कसं झालंय?"

अगाफियानं घास गिळला. डोळे पुसले.

"मीठ नाहीये, वन्सं. मिरीही जास्त झालीय."

"होणारच. माझा उपास. चाखणार कोण?" वासिलिसानं मिठाचं भांडं तिच्याकडे सरकवलं, उरलेला राजमा स्वतःच्या वाटीत घेतला आणि समोर बसली. "पुढच्या वर्षी पंचवीस तारखेला माझ्याकडे ये. मी करीन, तू चाख."