रानगुलाबांची ताटली

चिनी मातीची ताटली उलटी केली आणि हेस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाठीवर निळ्या रंगात, वळणदार अक्षरांत नाव होतं: ऑगस्टा पार्जिटर. भावजयीचं!

पुढच्या बाजूचे रानगुलाब मात्र हेस्टरचे. अख्खा उन्हाळा तिने त्यांच्यापायी डोळे फोडून घेतले होते. ताटली आज भट्टीत भाजायला जायची, तिथून लंडनच्या प्रदर्शनात. तिथे ती निवडली गेली, तर बाथ शहरातली एक शाळा हेस्टरला चित्रकलेची बाई म्हणून घेणार होती, राहायच्या खोलीसकट. म्हणजे भावाच्या घरातून एकदाची सुटका. बिनलग्नाच्या बहिणीला या घरात चहासुद्धा उपकार केल्यासारखा मिळे.

"हे काय आहे, ऑगस्टा?"

"माझं नाव." ऑगस्टाने भरतकामातून मानही वर काढली नाही. "ताटली माझ्या नवऱ्याच्या पैशांची, रंगही त्याच्याच पैशांचे. तुम्ही नुसता हात चालवलात, वन्सं."

"मी पुसते ते."

"पुसा की! मग ताटली घराबाहेर जायची नाही. एडविनला विचारलंय मी."

हेस्टरने भावाकडे पाहिलं. एडविनसारखे पुरुष अशा वेळी वर्तमानपत्र अगदी मन लावून वाचतात. "बायकांच्या भांडणात मला ओढू नका," तो म्हणाला. "फुलंच तर आहेत."

"आणि तीही मळकट," ऑगस्टाने चिमटा काढला.

"भाजल्यावर गुलाबी होतात ती. तुला कुठून माहीत असणार?"

तेवढ्यात गाडीवान ताटलीची पेटी भट्टीवर न्यायला दारात आला. हेस्टरने टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवली. न भाजलेला रंग तो, त्याला कितीसा वेळ! पाकळ्या गेल्या, पानं गेली, काटे गेले. बाथच्या शाळेतल्या खोलीची उरलीसुरली आशाही गेली, हे तिला पुसतानाच कळत होतं. तरी हात थांबला नाही.

"अहो वन्सं, वेड लागलं का?" ऑगस्टा किंचाळत उठली. "फुलं मी काढली म्हणून पाद्र्याच्या बायकोला सांगून बसलेय मी!"

हेस्टरने पांढरीफटक ताटली पेटीतल्या गवतात ठेवली, झाकण लावलं आणि पेटी गाडीवानाच्या हातात दिली.

"तुझं नाव तेवढं ठेवलंय," ती भावजयीला म्हणाली. मग गाडीवानाकडे वळली. "न्या. भट्टीवाल्याला म्हणावं, चांगलं कडक भाज."