मुदतीची खोली

“बाई, मागे व्हा. अजून. आणखी जरा,” क्रेनवाला वरून ओरडला. “डोक्यावर खोली आहे, पतंग नाही.”

दाखलेबाई दोन पावलं मागे गेल्या आणि एक पुढे आल्या. दार, खिडक्या, पंखा, दिव्याची बटणं, सगळ्यासकट एक अख्खी खोली शाळेच्या मैदानावर हवेत लटकत होती, आणि ती त्यांनी मागवलेली होती. रविवार असूनही निम्मी शाळा कुंपणाला चिकटली होती. खोली जमिनीला टेकली तशा मुलांनी टाळ्या वाजवल्या, मुख्याध्यापिकांनी वाजवल्या, आणि इकडेतिकडे बघून दाखलेबाईंनीही वाजवून घेतल्या.

त्या शाळेच्या क्लार्क. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मतारखेचा दाखला, हजेरीचा दाखला, सगळे त्यांच्या हातचे, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलेलं. खरं नाव सेवापुस्तकात होतं आणि तिथेच सुखी होतं.

एकूण सहा खोल्या येणार होत्या. पाच वर्गांना, सहावी ऑफिसला. चौदा महिन्यांसाठी, भाड्याने. त्या ‘भाड्याने’साठी दाखलेबाई नोकरीत पहिल्यांदा भांडल्या होत्या.

झालं होतं असं. मागची पत्र्याची शेड तपासायला इंजिनिअर आला, त्याने एका खांबाला हात लावला आणि हाताला लागलेला गंज झटकत बाहेर आला. शेड पाडायची ठरली, नवी इमारत मंजूर झाली. ती होईपर्यंत मुलांना बसवायचं कुठे, म्हणून समितीची सभा बोलावली. अध्यक्ष म्हणाले, तयार खोल्या मिळतात, विकत घेऊन टाकू.

“भाडं म्हणजे गेलं पाण्यात. घेतलं की आपलं झालं,” अध्यक्षांनी समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत बसलेल्या दाखलेबाईंनी पेन खाली ठेवलं. “मला बोलायचंय,” त्या म्हणाल्या. तीस वर्षांत त्या सभेत बोलल्या नव्हत्या, त्यामुळे शिपायानेही चहा ओतणं थांबवलं.

त्यांनी कपाटातून एक फाइल आणली. तिची दोरी हातातच तुटली. “शेडचा ठराव आहे. वाचते. ‘सदर शेड एक वर्षाकरिता तात्पुरती उभारण्यात येत आहे.’ तेव्हा मी दुसरीत होते. तुम्हीही होतात साहेब, माझ्या मागच्या बाकावर, माझ्या पाटीत बघत. माझी मुलगी त्याच शेडमध्ये शिकली. विकत घेतलेलं तात्पुरतं कधी हलत नाही. भाड्याचं न्यायला माणूस येतो, ठरल्या तारखेला येतो. त्या तारखेच्या धाकाने तरी इमारत उभी राहील.”

बोलून झाल्यावर त्यांनी फाइलच्या तुटलेल्या दोरीला गाठ मारली. अध्यक्षांनी समोरचा चहा बाजूला सारला. पाटीचा उल्लेख त्यांना लागला असावा. मग म्हणाले, “लिहा. भाड्याने, चौदा महिने. तारीख घाला.” ठरावाखाली सही त्यांनी नेहमीप्रमाणे न वाचता केली.

आणि आज खोल्या आल्या. कंपनीचा फिटर प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यांखाली जॅक लावायचा, आत जाऊन जमिनीवर मधोमध काचेची गोटी ठेवायचा आणि उकिडवा बसून तिच्याकडे बघत राहायचा.

“गोटी पळाली की खोली नापास,” त्याने सांगितलं.

“ही खोली आधी कुठे होती?” दाखलेबाईंनी विचारलं. ही म्हणजे ऑफिसची.

“दवाखान्यात. त्याआधी पुलाच्या कामावर. आता तुमच्याकडे, पुढे ज्याला लागेल त्याच्याकडे. आमच्या खोल्यांना सासर नाही आणि माहेर नाही, बाई.” गोटी हलली नाही. त्याने ती उचलून त्यांच्या हातावर ठेवली. “असू दे तुमच्याकडे. मधूनमधून ठेवून बघा. पळाली तर फोन करा.”

तो गेल्यावर दाखलेबाईंनी दार लावलं. मग उघडलं आणि पुन्हा लावलं. तीस वर्षं त्या शेडच्या टोकाला, एका कपाटामागे बसल्या होत्या. पाऊस आला की पत्र्यावर असा दणका चालायचा की समोरच्या बापाच्या ओठांकडे बघून मुलाचं नाव लिहावं लागे. इथे घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. त्यांना इतका आनंद झाला की त्या एकट्याच हसल्या आणि कुणी खिडकीतून बघितलं तर नाही ना, म्हणून मागे वळल्या.

घरी नवऱ्याला सगळं दोनदा सांगितलं. “नव्याचे नऊ दिवस,” तो म्हणाला.

नऊ दिवस गेले, नऊ महिने गेले, आनंद काही कमी झाला नाही. दुखणं तिथेच होतं. सगळेच खूश होते. शिक्षिकांनी पडदे लावले, शिपायाने दारापुढे तुळतुळीत दगडांची वाट केली. मागे नव्या इमारतीचा स्लॅब पडला, भिंती चढल्या आणि ठेकेदाराची माणसं हळूहळू दुसऱ्या कामावर पांगली. त्यांना कुणी परत बोलावलं नाही.

बाराव्या महिन्यात कंपनीचं पत्र आलं. मुदत संपत आली आहे, वाढवायची की खोल्या न्यायच्या, आठ दिवसांत कळवा. त्याच दुपारी अध्यक्ष येऊन पंख्याखाली बसले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणून बोलणं बाकावरच्या दिवसांसारखं अगं-तुगंचं.

“झकास आहे गं हे. कंपनी विकायलाही तयार आहे. पुढच्या सभेत तसा ठराव आणू. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं?”

“बघू,” दाखलेबाई म्हणाल्या आणि पत्र खणात ठेवलं.

तीन दिवस ते खणातच होतं. खरं सांगायचं तर त्यांनाच ही खोली सोडवत नव्हती. मुदतीनंतर एका महिन्याने त्या निवृत्त होणार होत्या. कुठे वाईट दिसणार होतं? सुखाने जाता आलं असतं.

चौथ्या दिवशी दुसरीतली एक मुलगी बोनाफाइडचा अर्ज घेऊन आली. गोटीशी खेळता खेळता तिने विचारलं, “मावशी, नवी शाळा म्हणजे हीच ना?”

“नाही गं. नवी शाळा ती. मागे आहे ती.”

मुलीने खिडकीतून उघड्या विटांकडे पाहिलं. “ती तर मोडकी आहे,” ती म्हणाली.

दाखलेबाईंनी तिच्या हातात दाखला दिला आणि ती गेल्यावर कंपनीला उत्तर टाइप केलं. ठरावाप्रमाणे मुदत संपताच खोल्या न्याव्यात. मुख्याध्यापिकांनी ते वाचलं, दाखलेबाईंकडे पाहिलं आणि सही केली.

अध्यक्ष दुसऱ्या दिवशी धापा टाकत आले. “अगं, मला विचारायचंस तरी!”

“ठराव तुझ्या सहीचा आहे. मुख्याध्यापिकांनी फक्त तो कळवलाय. खोल्या पुढे एका दवाखान्याने मागितल्यात, आता थांबणार नाहीत.”

“आणि इमारत?”

“दोन महिने आहेत. ठेकेदाराला तू बोलाव. तुझा आवाज मोठा आहे.”

मग जी धावपळ उडाली, तशी शाळेने आजवर पाहिली नव्हती. अध्यक्ष रोज सकाळी बांधकामावर उभे. दुप्पट माणसं लागली, गिलावा झाला, फरशी आली, रंग आला. ठेकेदाराने हात जोडले, सगळं एकदम होणार नाही, आधी काय ते सांगा. दाखलेबाईंनी यादी करून दिली. पाच वर्ग, पाणी, मुलींची स्वच्छतागृहं. ऑफिस सगळ्यात शेवटी.

ठरल्या तारखेला सकाळी क्रेन आली. पाचही वर्ग नव्या इमारतीत बसले होते आणि भिंतींना रंगाचा वास येत होता. पाचवीच्या खिडकीतून कविता ऐकू येत होती, न थांबता. ऑफिसच्या जागेत मात्र वाळू आणि फरशांची चळत होती. “दोन महिने लागतील,” ठेकेदार म्हणाला. दाखलेबाईंच्या नोकरीचा एकच महिना उरला आहे, हे सगळ्यांना माहीत होतं.

“माझी खोली आधी न्या,” दाखलेबाई म्हणाल्या. “पालक यायला लागतील.”

शिपायाने टेबल-खुर्ची बाहेर काढली. खोली वर उचलली गेली आणि खाली पिवळ्या पडलेल्या गवताचा चौकोन दिसला. दाखलेबाईंनी टेबल त्याच चौकोनात ठेवायला सांगितलं. त्या खोलीकडे, ती ट्रेलरवर टेकेपर्यंत बघत राहिल्या. मग खुर्चीत बसल्या, कागदांवर वजन ठेवलं आणि गोटी टेबलावर ठेवली. ती घरंगळत गवतात पडली.

फिटर आला. त्याने गोटी शोधली, टेबलाखाली वाकला, एका पायाखाली पाचर सारली, दुसऱ्याखाली चपटा दगड. गोटी मधोमध ठेवून उकिडवा बसला आणि सहा खोल्या बसवताना बघितलं होतं तितक्याच लक्षाने बघत राहिला. गोटी जराशी थरथरली आणि थांबली.

“झालं, बाई,” तो म्हणाला.

“बरं,” दाखलेबाई म्हणाल्या आणि समोर उभ्या असलेल्या बापाला त्यांनी मुलाचं पूर्ण नाव विचारलं.